एक्सपीच्या मशीनला फॉरमॅट मारण्याआधी

डीटीपी सेंटरमध्ये, वजनकाट्याच्या केबिनमध्ये, सोसायटीच्या ऑफिसात किंवा एखाद्या सीएनसी मशीनच्या शेजारी अजूनही विंडोज एक्सपीचा पीसी चालू दिसतो. तो कोणी हौसेने ठेवलेला नसतो. पेजमेकरच्या जुन्या फाइली, पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) लॉक, म्हणजे परवान्याची डोंगल, लावून चालणारे मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर, कधीकाळी कोणीतरी लिहून दिलेला बिलांचा प्रोग्राम, सिरियल पोर्टवरून वजन उचलणारी युटिलिटी असे एखादेच काम त्यावर असते आणि ते दुसरीकडे कुठेही चालत नाही.

असे मशीन अडले की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. २००८ साली तो सल्ला चालून जायचा, आज तो महागात पडतो. प्रोग्रामची सीडी हरवलेली असते, मदरबोर्डचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून गेलेले असतात आणि ८ एप्रिल २०१४ नंतर मायक्रोसॉफ्टचा पाठिंबाही संपला आहे. शिवाय निम्म्या वेळा दोष विंडोजमध्ये नसतोच. तो बॅटरीत, केबलमध्ये, डिस्कमध्ये किंवा फुगलेल्या कपॅसिटरमध्ये असतो. फॉरमॅट मारल्यावर तो तसाच राहतो, फक्त प्रोग्राम जातो. म्हणून इथला क्रम उलटा आहे: आधी डिस्कची नक्कल, मग पत्र्याच्या आतले सामान, आणि विंडोजला हात सगळ्यात शेवटी.

लेखात बटणांची आणि आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरे वापरायची.

आधी नक्कल

मशीन चालू होत असो वा नसो, डिस्कची पूर्ण इमेज काढल्याशिवाय काहीही करू नका. फाइली कॉपी केल्याने भागत नाही, कारण प्रोग्रामचे लायसन बऱ्याचदा रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) किंवा डिस्कवरच्या लपवलेल्या जागेत असते.

डिस्क बाहेर काढा आणि यूएसबी कन्व्हर्टरने एखाद्या नव्या पीसीला लावा. कन्व्हर्टर घेताना त्याला आयडीई (जुनी, रुंद पट्टीची) आणि साटा (नवी, अरुंद केबलची) दोन्ही जोडण्या आहेत ना आणि सोबत १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर आहे ना, हे पाहा. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या विजेवर फिरत नाही. आयडीई डिस्कच्या मागचा जंपर 'मास्टर'वर ठेवा. 'स्लेव्ह'वर असेल तर बरेच कन्व्हर्टर तिला ओळखत नाहीत.

नव्या पीसीवर विंडोज असेल तर ती ही डिस्क दुरुस्त करू का, असे विचारते. नाही म्हणा. शक्यतो लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा. डिस्क धडधाकट असेल तर क्लोनझिला हे नक्कल काढायचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. खडखडाट होत असेल किंवा वाचताना अडकत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. पहिल्या फेरीत वजा-एन हा पर्याय द्या, म्हणजे ते खराब भागाशी झगडत न बसता चांगला भाग आधी उचलून घेते. दुसऱ्या फेरीत वजा-डी आणि वजा-आर-३ दिले की खराब सेक्टर तीनदा वाचून पाहिले जातात. दोन्ही वेळा मॅप फाइलचे (कुठपर्यंत वाचले याच्या नोंदीचे) नाव तेच ठेवा, तरच दुसरी फेरी पहिलीच्या पुढून सुरू होते. आणि एंटर दाबण्याआधी कोणती डिस्क मूळ आणि कोणती कोरी, हे तिच्या जीबीच्या आकड्यावरून दोनदा ताडून पाहा. इथे उलटापालट झाली तर दुरुस्ती नाही.

डिस्क हाताशी आहे तोवर स्मार्टचे (डिस्क स्वतःच ठेवते त्या आरोग्यनोंदीचे) तीन आकडे बघून घ्या. 'रीअलोकेटेड सेक्टर्स' थोडे असतील आणि वाढत नसतील तर चालते. 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर असेल तर डिस्क बदलायची, चर्चा नको. 'यूडीएमए सीआरसी एरर' (केबलमधून जाताना डेटात झालेल्या चुका) मोठा असेल तर बहुधा डिस्क निर्दोष असते आणि केबल खराब असते. हा तिसरा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पत्रा उघडल्यावर

सुरुवात नाण्याएवढ्या बॅटरीपासून. जवळजवळ सगळ्या बोर्डांवर ती सीआर २०३२ असते, ३ व्होल्टची. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दाखवत असेल तर बदला. ती मेली की घड्याळ मागे जाते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण घड्याळासोबत बायॉसच्या (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामच्या) सगळ्या सेटिंग्जही मूळ जागी जातात आणि खरा घोटाळा तिथे होतो. २००७-०८ नंतरच्या काही बोर्डांवर साटाची मूळ सेटिंग 'एएचसीआय' (साटा डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) असते. एक्सपीकडे एएचसीआयचा स्वतःचा ड्रायव्हर नाही, म्हणून इन्स्टॉल करताना कोणीतरी ती 'आयडीई' केलेली असते. एक दिवस वीज जाते, बॅटरी संपलेली असते, सेटिंग परत एएचसीआयवर येते आणि सकाळी निळा पडदा येतो. विंडोजचा एक बाइटही बिघडलेला नसतो. बायॉसमध्ये 'साटा मोड' पुन्हा 'आयडीई' किंवा 'कंपॅटिबल' केला की मशीन जणू काही झालेच नाही असे सुरू होते.

त्यामुळे बॅटरी काढण्याआधी, बायॉस अजून उघडत असेल तर, त्याच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. साटा मोड, बूटचा क्रम आणि पॅरलल पोर्टचा मोड या तीन गोष्टी खास बघा. पॅरलल पोर्टचा पत्ता सहसा ३७८ आणि आयआरक्यू ७ असतो, मोड 'एसपीपी', 'ईपीपी' किंवा 'ईसीपी'. हार्डवेअर लॉक सापडत नाही अशी तक्रार बॅटरी बदलल्यानंतर सुरू झाली असेल तर हा मोड बदललेला असण्याची शक्यता मोठी. फोटो नसेल तर 'ईपीपी' करून पाहा, मग 'एसपीपी'.

दुसरी नजर कपॅसिटरवर. २००० ते २००७ च्या सुमाराच्या अनेक बोर्डांवर निकृष्ट कपॅसिटर लागले होते. प्रोसेसरभोवतीच्या उभ्या डब्यांचे डोके सपाट असायला हवे. फुगलेले, चिरलेले किंवा तपकिरी चिकट पदार्थ गळालेले दिसले तर मशीन तापल्यावर रीस्टार्ट होते, थंड असताना दोन-तीनदा बटण दाबल्याशिवाय उठत नाही. बोर्ड दुरुस्त करणारा कारागीर ते बदलून देतो. तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, १०५ अंश सेल्सियसचे आणि 'लो ईएसआर' (कमी अंतर्गत रोधाच्या) प्रकारचे हवेत. साधे टाकले तर पुन्हा फुगतात.

पॉवर सप्लाय तपासायला डिस्कला जाणाऱ्या मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरवर मीटर लावा. पिवळी आणि काळी यांच्यात ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळी यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. मोजणी मशीन चालू असताना आणि डिस्क फिरत असताना करायची. रिकामा सप्लाय नेहमी चांगलाच दिसतो.

रॅमच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने पुसा, कण झटका, पुन्हा नीट बसवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, निव्वळ एवढ्याने बीप मारणारी मशीन सुरू होतात. नंतर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालू द्या. एकही लाल ओळ आली तर ती पट्टी बाद. रॅम वाढवायची असेल तर आधी जात ओळखा: डीडीआरला १८४ पिना, डीडीआर-२ ला २४०, आणि खाच वेगळ्या जागी. सर्व्हिस पॅक ३ असलेली एक्सपी २५६ एमबीत गुदमरते, १ जीबीत ती निवांत असते. ३२ बिट एक्सपीला ४ जीबी लावली तरी वापरायला सव्वातीनच्या आसपासच मिळते, तेव्हा त्यावर पैसे घालवू नका.

पडद्यावर काय लिहून येते

मशीन निळ्या पडद्यावर क्षणभर थांबून लगेच रीस्टार्ट होत असेल तर आधी ते थांबवा. सुरू होताना एफ८ दाबत राहा आणि 'डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट ऑन सिस्टीम फेल्युअर' निवडा. हा पर्याय सर्व्हिस पॅक २ पासून आहे. त्याच यादीत 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' आहे. नवा ड्रायव्हर टाकल्यावर बिघडले असेल तर आधी तेच. मात्र एकदा यशस्वी लॉगिन झाले की ती जुनी नोंद पुसली जाते, म्हणून दोन दिवसांनी आठवण झाली तर उपयोग नाही.

निळ्या पडद्यावर 'स्टॉप' शब्दानंतर लांब आकडा असतो. त्याची शेवटची दोन अक्षरेच कामाची.

७बी: विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाही. वर सांगितलेला साटा मोड आधी बघा. डिस्क दुसऱ्या मदरबोर्डावर नेली असेल तरी हेच येते.

ईडी: डिस्क सापडली, पण तिच्यावरची मांडणी वाचता येत नाही. एकतर फाइल सिस्टीम बिघडली आहे, किंवा वेगवान डिस्कला ८० ऐवजी ४० तारांची जुनी पट्टी लावली आहे. कोणी नुकतीच केबल बदलली असेल तर दुसरे कारण.

२४: एनटीएफएसमधला (एक्सपीच्या फाइल सिस्टीममधला) बिघाड. इमेज काढलेली असेल तरच चेकडिस्क (ती मांडणी दुरुस्त करणारी आज्ञा) चालवा.

५०: बहुतेक रॅम, कधी अँटिव्हायरस. ०ए आणि डी१: ड्रायव्हर. डी१ सोबत फाइलचे नाव येते, ते टिपून घ्या.

काळ्या पडद्यावरचे संदेश वेगळे. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' आले तर आधी पेनड्राइव्ह आणि फ्लॉपी काढा. मशीन त्यांच्यावरूनच उठायचा प्रयत्न करत असते. ती नसतील तर एक्सपीच्या सीडीवरून बूट करा, पहिल्या निळ्या पानावर आर दाबा, म्हणजे रिकव्हरी कन्सोल उघडतो. कोणत्या विंडोजमध्ये जायचे विचारल्यावर १ लिहून एंटर. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. अनेक मशीनवर तो कोराच असतो, नुसते एंटर चालते. आता सीडीवरच्या आय-३८६ फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट डॉट कॉम या दोन फाइली 'कॉपी' आज्ञेने सी ड्राइव्हच्या मुळाशी आणा, नंतर 'फिक्सबूट'.

'हॅल डॉट डीएलएल मिसिंग' हा संदेश फसवा आहे. ती फाइल बहुतेक वेळा जागेवर असते, बूट डॉट आयएनआय चुकीच्या पार्टिशनकडे बोट दाखवत असते. त्याच कन्सोलमध्ये 'बूटसीएफजी' लिहून जागा सोडा आणि 'स्लॅश रीबिल्ड' लिहा. सापडलेल्या विंडोजला वाय म्हणा, नाव काहीही द्या, आणि पर्याय विचारल्यावर 'स्लॅश फास्टडिटेक्ट' लिहा.

'फिक्सएमबीआर' मात्र सवयीने मारू नका. ते तुमचा बूट रेकॉर्ड नेहमीसारखा नाही असे बजावते, आणि कधी कधी ती सूचना खरी असते. काही जुन्या प्रोग्रामांचे लायसन तिथल्या लपवलेल्या सेक्टरमध्येच असते.

राहिला तो भयंकर वाटणारा संदेश: सिस्टम-३२ च्या कॉन्फिग फोल्डरमधली 'सिस्टीम' नावाची फाइल नाही किंवा खराब आहे. हा रजिस्ट्रीचा एक तुकडा. काम चालू असताना वीज गेली की तो अर्धवट लिहिला जातो. इथे नव्वद टक्के लोक फॉरमॅटकडे वळतात, आणि खरे तर अर्ध्या तासाचे काम आहे:

१. डिस्क लिनक्सवर उघडा. मुळाशी 'सिस्टीम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' हे लपवलेले फोल्डर आहे, त्यात '_रीस्टोअर'ने सुरू होणारे लांब नावाचे फोल्डर.

२. आत आरपी आणि पुढे आकडा अशी फोल्डर दिसतील. हे रीस्टोअर पॉइंट. तारीख बघून बिघाडाच्या तीन-चार दिवस आधीचा निवडा. शेवटचा घेऊ नका, त्यात बिघाड आधीच शिरलेला असू शकतो.

३. त्यातल्या 'स्नॅपशॉट'मध्ये 'रजिस्ट्री_मशीन_सिस्टीम' या शब्दांची फाइल असते. ती विंडोज, सिस्टम-३२, कॉन्फिग या वाटेने नेऊन ठेवा आणि नाव फक्त 'सिस्टीम' करा. आधीची खराब फाइल पुसू नका, 'सिस्टीम डॉट बॅड' नावाने राहू द्या.

एक्सपीच्या विंडोज फोल्डरमध्ये 'रिपेअर' नावाचे फोल्डरही असते आणि त्यातही ही फाइल सापडते. पण ती इन्स्टॉल केलेल्या दिवसाची असते, म्हणजे नंतर टाकलेला एकही ड्रायव्हर तिला माहीत नसतो. रीस्टोअर पॉइंट एकही नसेल तेव्हाच तिच्याकडे जा.

चालते, पण मुंगीच्या चालीने

जुने झाले म्हणून हळू झाले, हे अनेकदा खोटे असते. फाइल कॉपी करताना माउस अडखळतो, गाणे तुटक वाजते, सुरू व्हायला दहा मिनिटे लागतात, आणि टास्क मॅनेजरमध्ये मात्र कोणताही प्रोग्राम प्रोसेसर खाताना दिसत नाही. अशा वेळी टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर 'व्ह्यू' मेनूतून 'शो कर्नल टाइम्स' चालू करा. हिरव्या रेषेखाली लाल रेषा जवळजवळ तेवढीच उंच धावत असेल तर प्रोसेसरचा वेळ विंडोजच्या गाभ्यातच जातो आहे. डिस्क बहुधा पीआयओवर घसरली आहे.

डीएमए पद्धतीत डिस्क डेटा थेट रॅममध्ये टाकते. पीआयओ पद्धतीत प्रत्येक शब्द प्रोसेसरला स्वतः उचलावा लागतो. लॉरीतून माल परस्पर गोदामात जाण्याऐवजी मालकाने एकेक पोते खांद्यावरून नेण्यासारखे. एक्सपीचा आयडीई ड्रायव्हर डिस्ककडून आलेल्या चुका मोजतो. टाइमआउट किंवा सीआरसीच्या एकूण सहा चुका झाल्या की तो वेग एक पायरी खाली आणतो. चुका होत राहिल्या की अखेर पीआयओ. सहा चुका व्हायला दोन वर्षे लागली तरी मोजणी धरलीच जाते, आणि एकदा खाली आलेला वेग आपोआप वर जात नाही. डिस्क शंभर एमबीच्या वेगाची असली तरी पीआयओ मोड ४ मध्ये १६.६ एमबीच्या पुढे सरकत नाही, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी.

'माय कॉम्प्युटर'वर उजवे क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'हार्डवेअर', 'डिव्हाइस मॅनेजर'. आयडीई कंट्रोलरांच्या यादीत 'प्रायमरी आयडीई चॅनेल' उघडा आणि 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'वर जा. 'करंट ट्रान्स्फर मोड'समोर 'पीआयओ मोड' लिहिलेले असेल तर निदान पक्के. वरच्या खान्यात 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडलेले असूनही खाली पीआयओ दिसते, त्यामुळे नुसता तो खाना बघून माणूस फसतो.

इलाज सोपा आहे. तोच 'प्रायमरी आयडीई चॅनेल' उजव्या क्लिकने 'अनइन्स्टॉल' करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा शोधते, पुन्हा एकदा रीस्टार्ट मागते, आणि मोजणी शून्यावरून सुरू होते. आता तिथे 'अल्ट्रा डीएमए मोड ५' दिसायला हवा. 'मोड २'वरच अडला असेल तर केबल ४० तारांची आहे. ८० तारांची आणा. तिचे निळे टोक मदरबोर्डाला, काळे मास्टर डिस्कला, मधले करडे स्लेव्हला. काही आठवड्यांत पुन्हा पीआयओ आला तर मघाचा सीआरसीचा आकडा आठवा: तो वाढला असेल तर केबल, पेंडिंग सेक्टर वाढले असतील तर डिस्क.

दुसरे नेहमीचे कारण 'एसव्हीसीहोस्ट' (विंडोजच्या सेवा चालवणारा प्रोग्राम) शंभर टक्के प्रोसेसर धरून बसणे. ते बहुतेक 'ऑटोमॅटिक अपडेट्स'चे काम. आता मिळण्यासारखे अपडेट उरलेले नाहीत, तेव्हा 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन ती सेवा 'डिसेबल्ड' करा. सिस्टीम रीस्टोअर मात्र बंद करू नका. वर पाहिले तसे तेच ऐनवेळी वाचवते. जागा कमी असेल तर फक्त सी ड्राइव्हवर ठेवा आणि प्रमाण १२ टक्क्यांवरून ५ वर आणा. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका, त्यांनी वेग वाढत नाही.

मराठी नीट दिसण्यासाठी

एक्सपीत देवनागरी आहे, पण मूळ इन्स्टॉलमध्ये बंद असते. वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरे फुटून हलन्त दिसतात, मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ येते: ही लक्षणे ती बंद असल्याचीच. नुसते चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हे दिसत असतील तर मात्र मजकूर जतन करतानाच गेला. नोटपॅडमध्ये 'सेव्ह ॲज' करताना 'एन्कोडिंग' 'अँसी' राहिले की मराठीची अशी प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत अक्षरे होत नाहीत. तिथे 'यूटीएफ-८' निवडायचे.

'कंट्रोल पॅनेल'मध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', त्यात 'लँग्वेजेस' पान. खालच्या दोन चौकटींपैकी पहिली, 'इन्स्टॉल फाइल्स फॉर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट', तिला टिक करा. दुसरी चिनी-जपानीची आहे, ती सोडा. विंडोजची सीडी मागितली जाते. सीडी नसेल तर सी ड्राइव्हवर आय-३८६ फोल्डर आहे का ते शोधा, कंपनीकडून तयार आलेल्या मशीनवर ते बऱ्याचदा असते. रीस्टार्टनंतर मंगल फॉन्ट आपोआप येतो.

मग त्याच पानावर 'डिटेल्स', 'ॲड', भाषा 'मराठी'. डाव्या ऑल्ट आणि शिफ्टने भाषा बदलते. कीबोर्ड इन्स्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय भाषांच्या प्रमाण मांडणीचा, असतो. सवय नसलेल्यांचे हात ज्या कळांवर अडतात त्या अशा: ळ साठी शिफ्ट आणि एन, ऱ साठी शिफ्ट आणि जे, हलन्तासाठी डी, ॅ साठी शिफ्ट आणि २, ॉ साठी बॅकस्लॅश, ऑ साठी शिफ्ट आणि बॅकस्लॅश. 'दुसऱ्या'मधला ऱ्या हवा तर शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई या क्रमाने. साधा र घेऊन हलन्त दिला तर 'दुसर्या' उमटते, आणि हीच चूक सरकारी पत्रांतही सर्रास दिसते.

जुन्या डीटीपीच्या फाइलींचे गणित निराळे. श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांचे फॉन्ट युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतांच्या) आधीचे. फाइलमध्ये असतात इंग्रजी अक्षरे, त्यांवर मराठीचा मुखवटा तो विशिष्ट फॉन्ट चढवतो. म्हणून विंडोजमधले 'फॉन्ट्स' फोल्डर इमेजव्यतिरिक्त वेगळे जपून ठेवा. 'ॲडव्हान्स्ड' पानावरची युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांची भाषा 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' राहू द्या. तिथे मराठी शोधू नका, ती यादीत नसतेच. दुसरे काही निवडले की जुन्या फॉन्टमधली वरच्या क्रमांकाची अक्षरे बदलतात आणि पानभर जोडाक्षरे विस्कटतात.

त्याच खिडकीच्या पहिल्या पानावरचे तारखेचे स्वरूप मात्र 'इंग्लिश युनायटेड किंग्डम' करा. नाहीतर ५ एप्रिलची नोंद ४ मे म्हणून वाचली जाते, आणि हे मार्चअखेरचा हिशेब जुळेना तेव्हा कळते.

पेनड्राइव्ह आणि नेटवर्क

सगळी फोल्डर शॉर्टकट झाली, हा एक्सपीचा जुना रोग. डेटा गेलेला नसतो, व्हायरसने तो लपवलेला असतो. शॉर्टकटवर क्लिक न करता कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'ॲट्रिब' या आज्ञेला वजा-एच, वजा-आर, वजा-एस, मग पेनड्राइव्हचे अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, तारा-टिंब-तारा आणि शेवटी स्लॅश-एस, स्लॅश-डी असे द्या. खरी फोल्डर दिसू लागली की शॉर्टकट पुसा. पुन्हा होऊ नये म्हणून ऑटोरन कायमचे बंद करा: एक्सपी प्रोफेशनलमध्ये 'रन'मधून 'जीपीएडिट डॉट एमएससी', तिथे 'कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन', 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स', 'सिस्टीम', आणि 'टर्न ऑफ ऑटोप्ले' सगळ्या ड्राइव्हसाठी 'एनेबल्ड'. होम आवृत्तीत ही खिडकी नाही. तिथे पेनड्राइव्ह लावताना शिफ्ट दाबून धरायची सवय लावा.

६४ जीबीचा नवा पेनड्राइव्ह एक्सपीवर 'फॉरमॅट करायचा का' विचारतो, कारण तो एक्सफॅटचा असतो. हो म्हणू नका. मायक्रोसॉफ्टचा ९५५७०४ क्रमांकाचा अपडेट टाकला की तो उघडतो. नाहीतर ३२ जीबीपर्यंतचा फॅट-३२ पेनड्राइव्ह वापरा, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही एवढेच.

नव्या पीसीवरून एक्सपीचे शेअर केलेले फोल्डर दिसत नाही, कारण एक्सपीला फक्त एसएमबीची (फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती येते आणि विंडोज १० ने २०१७ च्या १७०९ आवृत्तीपासून ती वगळली. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. नका करू. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच दारातून. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही खास अपडेट काढला होता, क्रमांक ४०१२५९८. तो टाकलेला असावाच. फाइली न्यायला नव्या पीसीवर एक छोटा एफटीपी सर्व्हर ठेवा आणि एक्सपीवरून त्यात माल टाका.

मशीन लॅनवर हवे पण इंटरनेटवर नको, यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय: टीसीपी-आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता हाताने भरा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि 'डीफॉल्ट गेटवे' व डीएनएस कोरे सोडा. प्रिंटर आणि शेजारचा पीसी दिसतात, बाहेरची वाट बंद. तशीही आजची बहुतेक संकेतस्थळे एक्सपीच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडत नाहीत.

डिस्क बदलताना

जुनी डिस्क संशयास्पद ठरली तर १२० किंवा १२८ जीबीची साटा एसएसडी पुरते. जुन्या बोर्डासाठी आयडीई-साटा कन्व्हर्टर मिळतो. १३७ जीबीच्या वर जाऊ नका, सर्व्हिस पॅक १ च्या आधीच्या एक्सपीला आणि बऱ्याच जुन्या बायॉसना त्यापुढचे मोजताच येत नाही. एक्सपी पहिले पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, ते एसएसडीच्या ४ केबीच्या खणांशी जुळत नाही आणि लिहिण्याचा वेग पडतो. नक्कल चढवल्यावर जीपार्टेडमध्ये (पार्टिशन हलवण्याच्या लिनक्सच्या प्रोग्राममध्ये) 'अलाइन टू एमआयबी' निवडून पार्टिशन १ एमआयबीवर सरकवा. नंतर बूट झाले नाही तर रिकव्हरी कन्सोलमधून एकदा 'फिक्सबूट'.

आणि एक गोष्ट विसरली तर सगळी मेहनत वाया: नव्या डिस्कवरून पहिल्यांदा बूट करताना जुनी डिस्क जोडलेली नसावी. दोन्ही दिसल्या तर एक्सपी सी हे अक्षर जुनीलाच देते, नवीला दुसरे. मग जुनी काढल्यावर लॉगिन होते, 'सेव्हिंग युवर सेटिंग्ज' येते आणि पुन्हा लॉगिनचा पडदा, असे गोल फिरत राहते. तसे झाले तर नक्कल पुन्हा चढवणे सगळ्यात सोपे.

काढलेली इमेज व्हर्च्युअलबॉक्समध्येही (पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उठवता येते. डिस्क आयडीई कंट्रोलरवर, प्रकार पीआयआयएक्स-४, नेटवर्क कार्ड पीसीनेट-फास्ट-३ ठेवा, त्याचा ड्रायव्हर एक्सपीत आधीपासून आहे. ७बी आला तर मूळ मशीनवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई कंट्रोलरचा ड्रायव्हर 'स्टँडर्ड ड्युअल चॅनेल' करून मशीन बंद करा, मग नव्याने इमेज काढा. हार्डवेअर बदलले म्हणून ॲक्टिव्हेशन पुन्हा मागितले जाईल. यूएसबीचे लॉक व्हर्च्युअल मशीनला जोडता येते. पॅरलल पोर्टच्या लॉकला तो मार्ग नाही: बाजारातली यूएसबी-पॅरलल केबल फक्त प्रिंटरपुरती असते, ३७८ हा पत्ता ती देत नाही आणि लॉक तोच पत्ता शोधते. अशा सॉफ्टवेअरसाठी जुना बोर्डच जपावा लागतो, आणि तसलाच दुसरा भंगारात दिसला तर चालू आहे की नाही ते बघून उचलून ठेवावा.